प्रश्न उलटा केला तेव्हा

कोथरूडला कर्वे पुतळा ही आता पत्ता सांगायची खूण झाली आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे म्हणजे विधवांचे पुनर्विवाह, हिंगण्याचा आश्रम, महिला विद्यापीठ, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ते कॉलेजात काय शिकवत होते हे मात्र थोड्यांनाच आठवते. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, फर्ग्युसनमध्ये गणिताला माणूस हवा झाला, आणि गोखल्यांनी कर्व्यांना मुंबईहून बोलावून घेतले. १८९१ ते १९१४ इतकी वर्षे त्यांनी तिथे गणित शिकवले. त्यांच्याच नात्यातले आणि त्यांच्या आधाराने शिकलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजचे सीनिअर रँग्लर झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. १९०२ पासून १९२४ पर्यंत ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते.

परांजपे केंब्रिजला गेले त्या काळात तिथे वरच्या पायरीचे गणित शिकणाऱ्याला एक विषय टाळून पुढे जाता येत नसे. तो म्हणजे इलिप्टिक फलने. आर्थर केली यांचे त्यावरचे पुस्तक १८७६ चे, ग्रीनहिल यांचे १८९२ चे. एकोणिसाव्या शतकातल्या गणितज्ञांना हा विषय म्हणजे गणिताचा मुकुटमणी वाटत होता. आज आपल्याकडे गणितात बीएस्सी करूनही या फलनांची ओळख न झालेले विद्यार्थी पुष्कळ भेटतात. मला याचे वाईट वाटते, कारण त्या विषयाची सुरुवातीची सव्वाशे वर्षे बारावीचे गणित झालेल्या माणसाला समजण्यासारखी आहेत, आणि गणितात नवी कल्पना कशी जन्माला येते हे त्याहून चांगले दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

सुरुवात लंबवर्तुळाच्या, म्हणजे इलिप्सच्या, परिघापासून होते. वर्तुळाचे क्षेत्रफळ आणि परीघ ही दोन्ही सूत्रे आपण सातवी-आठवीत पाठ करतो. लंबवर्तुळाचे क्षेत्रफळही सोपे आहे: दोन अर्धअक्षांचा गुणाकार, गुणिले पाय. परिघाला मात्र असे सूत्र नाही. हा प्रश्न आपल्याकडे फार आधी विचारला गेला होता. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, इसवी सन ८५० च्या सुमारास, जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा राष्ट्रकूटांच्या राज्यात होता. त्या ग्रंथात लंबवर्तुळाला ‘आयतवृत्त’ म्हटले आहे आणि परिघाचा नियम दिला आहे: लहान व्यासाच्या वर्गाची सहापट घ्या, मोठ्या व्यासाच्या दुपटीचा वर्ग त्यात मिळवा, बेरजेचे वर्गमूळ काढा.

हा नियम अदमासाचा आहे, पण त्यातली हुशारी पाहण्यासारखी आहे. दोन्ही व्यास सारखे केले तर वर्तुळ मिळते आणि परीघ येतो व्यासाच्या √१० पट. पायची तीच किंमत तेव्हा प्रचारात होती. लहान व्यास शून्य केला तर लंबवर्तुळ चेपून एक रेघ होते. परीघ म्हणजे त्या रेघेवरून जाऊन परत येणे, मोठ्या व्यासाची दुप्पट. नियमही नेमके तेच उत्तर देतो. मधल्या आकारांना थोडी चूक राहते. १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद अशा लंबवर्तुळाकार वाफ्याचा परीघ महावीराचार्यांच्या नियमाने २४.८२ मीटर येतो. खरा परीघ २५.५३ मीटरच्या आसपास आहे. १९१४ साली रामानुजनांनी दिलेल्या एका छोट्या सूत्राने याच वाफ्याचा परीघ मिलिमीटरपर्यंत बरोबर येतो. पण तेही अदमासाचेच सूत्र. घात, मुळे, साइन, लॉगरिदम असली ओळखीची हत्यारे वापरून नेमके सूत्र कधीच मिळणार नाही, हे फ्रान्सच्या ल्यूव्हील यांनी १८३० च्या दशकात सिद्ध केले.

म्हणजे प्रश्न सरळ सुटत नव्हता. तो सुटत नाही हे मान्य करून लोकांनी त्याला दुसऱ्या बाजूने हात घातला, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

१६९४ साली स्वित्झर्लंडचे जेकब बेर्नुली एका वक्राचा अभ्यास करत होते. आपण अनंताचे चिन्ह काढतो तसा तो दिसतो, दोन पाकळ्या मधोमध जुळलेल्या. त्याला लेम्निस्केट म्हणतात. मधल्या बिंदूपासून या वक्रावर चालत निघालो आणि मध्यापासूनचे सरळ अंतर ‘र’ झाले, तर किती लांबी चालून झाली? कॅल्क्युलसने उत्तर मांडता येते: १ भागिले √(१ − र चा चौथा घात), याचे शून्यापासून र पर्यंतचे इंटिग्रल. मांडता येते, पण लंबवर्तुळाच्या परिघासारखेच तेही सोडवता येत नाही. वर्तुळासाठी हेच गणित केले तर मुळाखाली चौथ्या घाताऐवजी वर्ग येतो आणि उत्तर कोन म्हणून ओळखीचे असते. बारावीत अर्ध्या कोनाच्या टॅनची जी युक्ती शिकवतात, ती या वर्गमुळाला नाहीसे करते. चौथ्या घाताला ती लागू पडत नाही, आणि त्याचे कारण अंकगणितात आहे: दोन चतुर्थ घातांची वजाबाकी पूर्ण वर्ग होऊ शकत नाही, हा फर्माचा निष्कर्ष. तोच युक्तिवाद संख्यांऐवजी बहुपदींवर चालवला की दिसते, कुठलीही बीजगणिती युक्ती हे मूळ काढून टाकू शकणार नाही.

इथे पुण्याचा एक धागा जुळतो. कोथरूडहून कर्वे रस्त्याने डेक्कनकडे निघालो आणि नळ स्टॉपला डावीकडे लॉ कॉलेज रस्त्याला वळलो, की एरंडवण्यात दामले पथावर भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था लागते. प्रा. श्रीराम अभ्यंकर यांनी ती १९७६ मध्ये स्थापन केली. उज्जैनला १९३० मध्ये जन्मलेले, ग्वाल्हेरला वाढलेले, हार्वर्डला झारिस्की यांच्या हाताखाली घडलेले आणि अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात आयुष्य घालवलेले अभ्यंकर बैजिक भूमितीत जगात अग्रगण्य होते. कुठल्या वक्राचे बिंदू साध्या अपूर्णांकी सूत्रांनी मांडता येतात आणि कुठल्याचे नाहीत, हा त्यांचा आवडता प्रश्न. त्यांच्या १९९० च्या पाठ्यपुस्तकाची सुरुवातच तिथून होते. प्रतिष्ठान निघाले त्याच वर्षी त्यांनी बैजिक भूमितीच्या इतिहासावर एक लांबलचक निबंध लिहिला. त्याला १९७८ चे शोव्हने पारितोषिक मिळाले. वर्तुळ एका बाजूला आणि आपल्या इंटिग्रलमधल्या मुळाखालच्या चौथ्या घाताचा वक्र दुसऱ्या बाजूला, अशी जी सीमा आहे, ती ओलांडताना गणितज्ञांना काय करावे लागले, हीच इलिप्टिक फलनांची कथा.

पहिले पाऊल टाकले ते एका हौशी माणसाने. इटलीत सेनिगालिया या गावचे जहागीरदार जुलिओ फान्यानो कुठल्या विद्यापीठात नव्हते. त्यांनी १७१८ साली विचारले: लांबी काढता येत नाही, ठीक, पण दुप्पट लांबी कुठे येते हे तरी सांगता येईल का? आणि सांगता आले. र या अंतरापर्यंत जेवढी लांबी चालून झाली, तिच्या दुप्पट लांबी जिथे होते तिथले अंतर म्हणजे २ × र × √(१ − र चा चौथा घात), भागिले (१ + र चा चौथा घात). लांबीची किंमत माहीत नाही, तरी तिची दुप्पट पट्टी-कंपासने काढता येते!

याच्या शेजारी साइन २थीटाचे सूत्र ठेवून पाहा: २ × साइन × √(१ − साइनचा वर्ग). सांगाडा तोच. वर्गाचा चौथा घात झाला आणि खाली एक छेद आला, इतकाच फरक. फान्यानोंना याचे इतके अप्रूप होते की १७५० साली छापलेल्या आपल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्यांनी लेम्निस्केटचे चित्र घातले. तो ग्रंथ बर्लिनच्या अकादमीकडे आला आणि २३ डिसेंबर १७५१ रोजी तपासणीसाठी लिओनहार्ट ऑयलर यांच्या हाती पडला. हा दिवस म्हणजे इलिप्टिक फलनांचा जन्मदिवस, असे पुढे गणितज्ञ याकोबी म्हणत.

ऑयलरांनी दुपटीवर समाधान मानले नाही. त्यांनी कुठल्याही दोन लांब्यांची बेरीज करून दाखवली: एका लांबीचे अंतर क्ष, दुसरीचे य, तर बेरजेच्या लांबीचे अंतर क्ष, य आणि त्यांची वर्गमुळे यांतूनच मिळते. शिवाय हे फक्त लेम्निस्केटलाच नाही, तर मुळाखाली कुठलेही चौथ्या घाताचे बहुपद असले तरी चालते. दोन बिंदूंतून तिसरा बिंदू काढायचा हा नियम आहे.

दोन उत्तरांतून तिसरे उत्तर काढण्याची ही रीत आपल्याकडे ‘भावना’ या नावाने होती. एखाद्या संख्येचा वर्ग वजा दुसऱ्या संख्येच्या वर्गाची ६१ पट बरोबर १, असे समीकरण भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात सोडवले. उत्तरे आहेत १७६६३१९०४९ आणि २२६१५३९८०. इतकी मोठी उत्तरे चाचपडत सापडत नाहीत. ब्रह्मगुप्ताने दिलेली समासभावना वापरायची, म्हणजे दोन अपुऱ्या उत्तरांचा विशिष्ट रीतीने फुली-गुणाकार करून तिसरे करायचे, आणि चक्रवाल पद्धतीने ते हवे तिथे आणायचे. ऑयलरांना भास्कराचार्यांचे बीजगणित माहीत असण्याचा संभव नव्हता, कोलब्रुक यांचे इंग्रजी भाषांतर आले १८१७ साली. उसनवारीचा दावा करण्याचे कारण नाही. पण गणिताच्या अंगाने पाहिले तर भावना ही वर्गाच्या वक्रावरची बेरीज आहे आणि ऑयलरांचा नियम ही त्याच्या पुढच्या पायरीवरच्या वक्रावरची बेरीज आहे. भास्कराचार्य शिकलेल्या मराठी माणसाला ऑयलरांचे हे पाऊल परके वाटू नये.

यानंतर आले आद्रिएँ-मारी लझांद्र. त्यांनी १७८६ मध्ये या विषयाला हात घातला आणि पुढची चाळीस वर्षे सोडला नाही. मुळाखाली तिसरा किंवा चौथा घात असलेली असंख्य इंटिग्रले फक्त तीन प्रकारांत बसतात हे त्यांनी दाखवले, त्यांच्या किमतींचे लांबलचक तक्ते हाताने तयार केले, आणि १८२५ पासून मोठा ग्रंथ छापायला घेतला. चाळीस वर्षांत त्यांच्याकडून एक गोष्ट मात्र राहिली. ते इंटिग्रलकडेच पाहत राहिले.

राहिले ते काय, हे समजायला वर्तुळाकडे परत जावे लागते. वर्तुळातही इंटिग्रलने मिळतो तो कोन: अंतर द्या, कोन घ्या. पण त्रिकोणमिती आपण तशी शिकत नाही. आपण उलटे जातो: कोन द्या, साइन घ्या. साइन हे गुणी फलन आहे. ते नियमाने पुन्हा पुन्हा येते, त्याची बेरजेची सूत्रे सुटसुटीत असतात. तसेच इथे करायचे. ‘अंतर र असताना लांबी किती’ हे सोडून ‘लांबी इतकी झाली असताना अंतर किती’ असे विचारायचे. प्रश्न उलटा करायचा, बस. या उलट्या फलनाला इलिप्टिक फलन म्हणतात.

आणि उलटा केल्याबरोबर एक दार उघडते. लेम्निस्केटच्या इंटिग्रलमध्ये र च्या जागी √−१ × र घाला. चौथ्या घातात √−१ चा चार वेळा गुणाकार होऊन १ होतो, मुळाखाली काहीच बदलत नाही. फक्त सबंध लांबीला √−१ चा गुणक लागतो. म्हणजे फलन जसे वास्तव दिशेने ठरावीक अंतरानंतर परत येते, तसेच काल्पनिक दिशेनेही येते. साइनला एकच आवर्तन असते. इलिप्टिक फलनाला दोन. फरशीवरची नक्षी जशी आडवी आणि उभी दोन्हीकडे तीच तीच येत जाते, तसे हे फलन सगळ्या संमिश्र प्रतलावर पसरते.

हे पहिल्यांदा दिसले ते कार्ल फ्रीडरिख गाउस यांना, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आत. ८ जानेवारी १७९७ रोजी त्यांनी लेम्निस्केटला हात घातल्याची नोंद त्यांच्या गणिती रोजनिशीत आहे. त्याच मार्चमध्ये लेम्निस्केटचे पाच भाग करताना समीकरण पाचव्या नव्हे तर पंचविसाव्या घाताचे का येते, हे त्यांना कळले: आवर्तने दोन, म्हणून पाच गुणिले पाच. ३० मे १७९९ ची नोंद सर्वांत मोलाची आहे, आणि ती आपल्याला घरी पडताळता येते.

दोन संख्या घ्या, १ आणि ०.७०७१०७. त्यांची सरासरी ०.८५३५५३. त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे भूमितीमध्य, ०.८४०८९६. आता या दोन नव्या संख्यांवर तेच करा: ०.८४७२२५ आणि ०.८४७२०१. पुन्हा एकदा केले की दोन्ही ०.८४७२१३ वर येऊन मिळतात. तीन पावलांत सहा दशांश स्थळे! गाउस यांनी हेच १ आणि √२ घेऊन अकरा स्थळांपर्यंत केले, उत्तर आले १.१९८१४०२३४७३, आणि त्यांच्या लक्षात आले की पायला लेम्निस्केटच्या एका पाकळीच्या लांबीने, म्हणजे २.६२२०५७ ने, भागले तर हीच संख्या येते. सरासऱ्यांचा लेम्निस्केटशी काय संबंध? हे सिद्ध झाले तर विश्लेषणाचे एक संपूर्ण नवे क्षेत्र उघडेल, असे त्यांनी त्या दिवशी नोंदवले. ते खरे ठरले.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर मी लंबकाकडे बोट दाखवतो. अकरावीच्या प्रयोगशाळेत साध्या लंबकाचा दोलनकाल मोजायला लावतात आणि झोका लहान ठेवा असे बजावतात. का, ते सांगत नाहीत. कारण आहे इलिप्टिक इंटिग्रल. १ मीटर लांबीच्या लंबकाचा लहान झोक्याचा दोलनकाल २.००७ सेकंद. खालच्या स्थितीपासून १० अंशांपर्यंत नेऊन सोडला तर तो जेमतेम ०.२ टक्के वाढतो, शंभर दोलनांत अर्ध्या सेकंदाहूनही कमी. पण ६० अंशांवरून सोडला तर २.१५४ सेकंद, आणि ९० अंशांवरून, दांडी आडवी धरून, सोडला तर २.३६९. नेमका नियम गाउस यांच्या सरासऱ्यांनीच मिळतो: १ आणि निम्म्या कोनाचा कोसाइन घ्या, वरच्यासारखे सरासरी-भूमितीमध्य करत जा, आणि २.००७ ला येणाऱ्या उत्तराने भागा. ९० अंशांसाठी निम्म्या कोनाचा कोसाइन ०.७०७१०७. मघाशी आपण केले ते गणित आडव्या दांडीवरून सुटलेल्या लंबकाचेच होते.

आणि दुसरे आवर्तन, ते काल्पनिक? तेही लंबकात आहे, हे १८७८ साली फ्रान्सच्या पॉल आपेल यांनी दाखवले. वेळेला √−१ ने गुणले की त्वरणाचे चिन्ह बदलते, म्हणजे गुरुत्व वरच्या दिशेने ओढू लागते. खालून ६० अंशांवर असलेला गोलक नव्या ‘खाली’पासून १२० अंशांवर असतो. तेव्हा ६० अंशांच्या लंबकाचा काल्पनिक काळ हा १२० अंशांच्या लंबकाच्या खऱ्या काळाइतका, १ मीटरसाठी २.७५५ सेकंद. ९० अंशांच्या लंबकाचे दोन्ही काळ सारखेच येतात, कारण १८० तून ९० गेले की ९०च उरतात. नक्षीतला आयत तिथे चौरस होतो. तो चौरस म्हणजे लेम्निस्केट. गाउस यांनी सुरुवात नेमकी तिथून केली होती. हे जुळून आलेले पाहिले की मला दर वेळी नव्याने आनंद होतो.

गाउस यांनी यातले जवळजवळ काहीच छापले नाही. १८०१ च्या ग्रंथात एका वाक्यात सूचना दिली, की वर्तुळाच्या भागणीचे हे तंत्र लेम्निस्केटलाही लागू पडते, आणि गप्प राहिले. रोजनिशी उजेडात आली त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांहून अधिक काळाने. इतक्या मोठ्या माणसाबद्दल बोलताना जपून बोलावे, पण या मौनाची किंमत दुसऱ्यांनी मोजली असे माझे मत आहे.

ती सूचना नॉर्वेतल्या एका गरीब पाद्र्याच्या मुलाने वाचली. नील्स हेन्रिक आबेल यांचा जन्म १८०२ चा. पाचव्या घाताचे समीकरण मुळांच्या सूत्राने सुटत नाही, हे त्यांनी बाविसाव्या वर्षाच्या आत सिद्ध केले. सरकारी मदतीवर ते युरोपात फिरायला निघाले. बर्लिनमध्ये क्रेले यांची ओळख झाली. क्रेले तेव्हा गणिताचे नियतकालिक काढत होते आणि त्याला आबेल यांच्यासारखाच लेखक हवा होता. मग पॅरिस. तिथे ३० ऑक्टोबर १८२६ रोजी त्यांनी अकादमीला एक मोठा निबंध दिला: ऑयलर यांची बेरीज मुळाखाली कितीही मोठा घात असला, वक्र कुठलाही असला, तरी कशी चालते ते त्यात होते. परीक्षक होते लझांद्र आणि कोशी. निबंध कोशी यांच्याकडे पडून राहिला. आबेल डिसेंबरपर्यंत थांबले, पैसे संपले, परत गेले. तो निबंध छापला गेला १८४१ साली.

पण प्रश्न उलटा करण्याची कल्पना आबेल यांनी सप्टेंबर १८२७ मध्ये क्रेले यांच्या नियतकालिकात मांडली. दोन आवर्तने, बेरजेची सूत्रे, आणि गाउस यांनी नुसते सुचवलेले ते: लेम्निस्केटचे किती समान भाग पट्टी-कंपासने होतात. उत्तर थक्क करणारे आहे. वर्तुळाचे जितके समान भाग होतात, लेम्निस्केटचेही तितकेच: ३, ५, १७ वगैरे. त्याच महिन्यात केनिग्सबर्गच्या कार्ल गुस्टाव याकोबी यांचे निष्कर्ष एका खगोलशास्त्राच्या नियतकालिकात आले. याकोबी आबेल यांच्याहून दोन वर्षांनी लहान, तेवीस वर्षांचेही नव्हते. मग दोघांत जी चढाओढ लागली तशी गणिताच्या इतिहासात क्वचितच लागते. महिन्या-महिन्याला नवे लेख. आबेल यांना पक्की नोकरी नव्हती, क्षय झाला होता, तरी ते लिहीत होते.

या सगळ्यात मला सर्वांत मोठे वाटतात ते लझांद्र. पंचाहत्तरीचा माणूस. चाळीस वर्षांचा ग्रंथ नुकताच छापून झालेला. आणि दोन पोरांनी येऊन दाखवले, की तुम्ही चुकीच्या टोकाकडून पाहत होतात. त्यांनी काय केले? पॅरिसच्या अकादमीत उभे राहून याकोबी यांचे कौतुक केले, दोघांशी पत्रव्यवहार केला, आणि आपल्याच ग्रंथाला पुरवण्या लिहून त्यात या दोघांचे शोध समजावून सांगितले. शेवटची पुरवणी आली १८३२ मध्ये. जानेवारी १८३३ मध्ये ते गेले. विषयावर इतके प्रेम असावे, की तो आपल्या हातून पुढे गेला नाही याचे दुःख वाटू नये. आबेल यांचा निबंध पॅरिसमध्ये रखडला तेव्हा तेही परीक्षक होते, हे खरे, आणि ते झाकू नये. पण नंतरचे त्यांचे वागणे फार थोड्यांना जमले असते.

आबेल ६ एप्रिल १८२९ रोजी गेले, सव्वीस वर्षांचे असताना. दोनच दिवसांनी, ८ एप्रिलला, क्रेले यांनी बर्लिनहून पत्र लिहिले की तुमच्या नोकरीचे जमले. १८३० मध्ये पॅरिसच्या अकादमीने आपले मोठे पारितोषिक आबेल आणि याकोबी यांना विभागून दिले.

आबेल गेले त्याच वर्षी याकोबी यांचा ग्रंथ आला. थीटा नावाच्या श्रेणी त्यात आहेत, ज्यांत घातांच्या जागी पूर्ण वर्ग येतात: ०, १, ४, ९, १६. इलिप्टिक फलने या श्रेणींच्या भागाकाराने लिहिता येतात. त्यातून याकोबी यांनी भलतेच काही काढले. एखादी संख्या चार वर्गांच्या बेरजेने किती प्रकारे लिहिता येते? तिचे ४ ने भाग न जाणारे विभाजक मिळवा आणि ८ ने गुणा. १० घ्या: विभाजक १, २, ५, १०, बेरीज १८, उत्तर १४४. हाताने मोजा. ९ + १ + ० + ० यातून, क्रम आणि अधिक-उणे चिन्हे धरून, ४८ प्रकार. ४ + ४ + १ + १ यातून ९६. बेरीज १४४. लंबवर्तुळाच्या परिघापासून निघालेला रस्ता पूर्ण संख्यांच्या अंगणात येऊन पोचला. तो तिथेच थांबलेला नाही. ऑयलर यांच्या बेरजेतून आलेले इलिप्टिक वक्र अँड्र्यू वाइल्स यांनी फर्माचे शेवटचे प्रमेय सोडवताना वापरले, आणि आपल्या फोनची बँकेच्या संकेतस्थळाशी होणारी सुरक्षित जोडणी पुष्कळदा अशाच वक्रावरच्या बिंदूंच्या बेरजेवर चालते.

अकरावी-बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. साइन २थीटाचे सूत्र शिकवाल त्या दिवशी फळ्यावर त्याच्या शेजारी फान्यानो यांचे सूत्र लिहा आणि मुलांना फरक शोधू द्या. लंबकाच्या प्रयोगाला १ मीटर दोरी लहान झोक्यावर मोजून झाली, की गोलक ६० अंशांवरून सोडा आणि सुरुवातीची दोन-तीनच दोलने फोनच्या स्टॉपवॉचवर अनेक वेळा मोजून सरासरी काढा, कारण हवेमुळे झोका लगेच उतरतो. २.०० च्या जवळचा आकडा २.१५ च्या जवळ गेलेला दिसेल. मग १ आणि ०.८६६ यांची सरासरी आणि भूमितीमध्य एवढे दोनदा करून घ्या, ०.९३१८ येईल. २.००७ ला त्याने भागायला सांगा. पाठ्यपुस्तकात हे नाही म्हणून सोडू नका. सगळे एका तासात होते.